दोघं त्याच्यावर, मग मोकळा कोण?

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात, ओळख पटणार नाही असा):

मेलबर्नच्या पश्चिम भागात राहणारे एक बाबा लिहितात: "मुलाच्या क्लबच्या अंडर-१४ फुटी टीमचा मी यंदा कोच झालो. आधीचे कोच दुसरीकडे राहायला गेले, कुणी पुढे येईना, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी स्वतः कराडला कॉलेजात कबड्डी खेळलो. फुटी इथं आल्यावर मुलामुळे शिकलो. आमच्याकडे एक मुलगा आहे, वयाच्या मानानं खूप उंच आणि दणकट. गेल्या सीझनला टीमचे निम्म्याहून जास्त गोल त्यानं एकट्यानं केले. सेमी फायनलला समोरच्यांनी त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोघं लावले आणि आमचे अख्ख्या मॅचमध्ये दोनच गोल झाले. आता बाकीचे पालक म्हणतात, आमच्या मुलांना गोलसमोर बॉल मिळतच नाही. त्या मुलाचे बाबा म्हणतात, त्याला फुल फॉरवर्डवरून हलवलंत तर लीगच्या निवड संघात त्याचं नाव लागणार नाही. माझी बायको म्हणते, सगळ्यांना सारखी संधी द्या. मला वाटतं, तसं करायचं तर हरायची तयारी ठेवावी लागेल. त्यात माझा मुलगा हाफ फॉरवर्डला खेळतो. गेल्या वर्षी त्याचा एकही गोल नाही. मी काही बदललं की लोक म्हणणार, पोरासाठी केलं. एका मॅचमध्ये कुणीही दोनपेक्षा जास्त गोल करायचे नाहीत, असा नियम करावा का?"

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो नियम करू नका. का, ते पुढे सांगतेच. पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते सेमी फायनलचं वाक्य, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेला आहात.

हे सदर भारतातूनही वाचलं जातं, म्हणून खेळाबद्दल चार ओळी. फुटीमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, मोठ्या टीम १८-१८ जणांच्या असतात आणि मैदान लंबगोल असतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून बॉल लाथेनं मारला की गोल, त्याचे ६ पॉइंट. बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, त्याचा १. लाथेनं मारलेला बॉल १५ मीटर तरी प्रवास करून आला आणि तुम्ही तो अधांतरी झेललात, तर तो मार्क. मग तुम्हाला कुणी न धरता पुढची किक मारता येते. आणि या खेळात ऑफसाइड नाही. मॅचभर गोलच्या तोंडाशी उभं राहायलाही कुणाची मनाई नाही. तिथं उभा राहतो तो फुल फॉरवर्ड. त्याच्या अलीकडे, मैदानाच्या मधल्या बाजूला खेळतो तो हाफ फॉरवर्ड. त्यामुळे उंच मुलगा पुढे उभा करायचा आणि लांबून त्याच्या डोक्यावर बॉल टाकायचा, हा ज्युनियर फुटीतला सगळ्यात सोपा डाव होऊन बसतो.

आता ती सेमी फायनल. समोरच्यांनी तुमच्या मुलावर दोघं लावले. मैदानावर दोन्हीकडची मुलं तर सारखीच. म्हणजे त्या दिवशी चारही क्वार्टर तुमचा एक मुलगा मोकळा होता. तो कोण होता, सांगता येईल? माझा अंदाज आहे की येणार नाही. त्याच्याकडे बॉल गेलाच नाही, त्यामुळे तो कुणाच्या लक्षातच आला नसेल. तुमच्या मिडफिल्डच्या मुलांनी वर्षभर एकच केलं: बॉल मिळाला की मान खाली घालून, तो जिथं असतो त्या दिशेला जोरात किक. बहुतेक रविवारी ते जमून गेलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं जमतंय ते सोडून दुसरं का करावं? त्यांना मी मुळीच दोष देणार नाही, आणि त्या उंच मुलालाही नाही. तो हावरट आहे असं तुम्हीही कुठं लिहिलेलं नाही. पण तुमचे सगळे उपाय त्याच्यापासून सुरू होतात: त्याला हलवू का, त्याच्यावर मर्यादा घालू का. मला वाटतं, तुमचं काम त्याच्यापासून साठ-सत्तर मीटर अलीकडे, जो त्याच्याकडे बॉल मारतो त्याच्यापाशी आहे.

तुम्ही कबड्डी खेळलेले आहात, म्हणून त्याच भाषेत बोलते. पहिला चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की तो आपोआप आत येत नाही. बाकीच्यांनी गडी मारला तरच तो उठतो. ज्या संघात दुसऱ्या-तिसऱ्या खेळाडूनं कधी चढाईच केलेली नाही, त्याचा पहिला गडी बसूनच राहतो. सेमी फायनलला तुमचा पहिला गडी चार क्वार्टर बाहेर बसवला गेला, आणि त्याला उठवायला कुणी नव्हतं.

तुम्ही लिहिता, सगळ्यांना संधी म्हणजे हरायची तयारी. हे गृहीतक मला तपासून बघावंसं वाटतं. या खेळाच्या सगळ्यात मोठ्या लीगमधल्या (आजची एएफएल) हॉथॉर्न क्लबचं १९७१ सालचं उदाहरण घ्या. पीटर हडसन त्यांचा फुल फॉरवर्ड. १९३४ मध्ये साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटनं एका सीझनमध्ये १५० गोल केले होते, आणि तो विक्रम मोडायची संधी हडसनला होती. ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे सीझनच्या अंतिम सामन्यात, सेंट किल्डानं त्याला जखडून ठेवलं. त्याचे तीनच गोल झाले आणि तो बरोबर १५० वर थांबला. तीन क्वार्टर संपले तेव्हा हॉथॉर्न मागे होतं. मग शेवटच्या क्वार्टरला बॉब केडी पुढे खेळायला आला, त्या एका क्वार्टरमध्ये त्यानं चार गोल केले आणि हॉथॉर्न ७ पॉइंटांनी जिंकलं. त्या काळातला सगळ्यात मोठा गोल करणारा संघात होता, सगळा देश त्याच्या विक्रमाकडे बघत होता, आणि तरीही कोच जॉन केनेडींच्या हाताशी दुसरा रस्ता होता.

याच्या उलटं १९८९. ग्रँड फायनलमध्ये जिलाँगच्या गॅरी एब्लेटनं ९ गोल केले. त्या सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक त्यालाच मिळालं. जिलाँग तरीही ६ पॉइंटांनी हरलं. दोन्हीकडे २१-२१ गोल झाले होते. हॉथॉर्नचे बिहाइंड सहा जास्त होते, तेवढाच फरक. एब्लेट एकूण चार ग्रँड फायनल खेळला आणि एकही जिंकला नाही. टोनी लॉकेटच्या नावावर १,३६० गोल आहेत, या लीगच्या इतिहासातले सगळ्यात जास्त, आणि त्याच्याही वाट्याला एकही प्रीमियरशिप (लीगचं विजेतेपद) आली नाही.

पण एवढंच सांगून थांबले तर तुमची दिशाभूल होईल. जेसन डन्स्टलचे १,२५४ गोल आहेत आणि त्याच्याकडे चार प्रीमियरशिप आहेत. १९९० च्या दशकात नॉर्थ मेलबर्नचे कोच डेनिस पेगन तर गोलसमोरचं मैदानच रिकामं करून टाकायचे. बाकीचे फॉरवर्ड वर, मैदानाच्या मधल्या भागाकडे ओढायचे, म्हणजे वेन केरी आणि त्याचा एक बचावपटू एवढेच मागे उरायचे. १९९६ आणि १९९९ ला ते जिंकले. सगळ्यात चांगल्या खेळाडूला बॉल द्यावा हे तुमचं म्हणणं चुकीचं नाहीच. फक्त केरीला बॉल मिळायचा तेव्हा त्याच्यासमोर एक जण असायचा, आणि ती मोकळी जागा बाकी पाच जणांनी धावून तयार केलेली असायची. तुमच्याकडे बॉल पडतो तिथं तुमचीच चार मुलं गर्दी करतात, त्यांच्यामागून त्यांचे चार बचावपटू येतात. तुमच्या फुल फॉरवर्डला जी जागा हवी ती त्याचेच मित्र खाऊन टाकतात.

आणि तुमच्या घराजवळचंच उदाहरण सांगते. २०१६ ला वेस्टर्न बुलडॉग्ज सातव्या नंबरवरून ग्रँड फायनलपर्यंत गेले आणि ६२ वर्षांनी जिंकले. फुट्स्क्रेच्या रस्त्यांवर तेव्हा काय वातावरण होतं ते पश्चिमेकडच्या कुणालाही विचारा. त्या दिवशी त्यांचे १३ गोल झाले. टॉम बॉइड, लियम पिकन आणि टोरी डिक्सन, तिघांचे तीन-तीन. बॉइड उंचपुरा, रकलाही, म्हणजे पंचांनी उडवलेल्या बॉलसाठी उडी मारायलाही, जाणारा. पिकन आधी बरीच वर्षं प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळाडूला अडवण्याचंच काम करणारा. डिक्सन सेट शॉटला, म्हणजे मार्कनंतर थांबून मारायच्या किकला, भरवशाचा. तीन वेगवेगळ्या घडणीची माणसं, म्हणून समोरच्या संघाला नेमकं कुणाला अडवायचं ते ठरवता येईना.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. त्यांचं निम्मं मला पूर्ण पटतं. संधी सारखी द्यायला हवी. पण कशाची, हे नीट ठरवायला हवं. गोल वाटता येत नाहीत, जागा वाटता येतात. कुठल्या क्वार्टरला कोण पुढे खेळणार हे तुमच्या हातात आहे, आणि अंडर-१४ ला ते वाटून द्यायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षभर बॅक पॉकेटला, म्हणजे आपल्याच गोलजवळच्या कोपऱ्यात, उभ्या राहिलेल्या मुलाला गोलकडे तोंड करून खेळणं म्हणजे काय, हे कळणारच नाही. पालकांची तक्रारही नीट ऐका. 'आमच्या मुलाचे गोल का होत नाहीत' असं ते म्हणत नाहीत. 'गोलसमोर बॉल मिळत नाही' असं म्हणतात. ती रास्त मागणी आहे.

म्हणूनच दोन गोलांचा नियम नको. तो नियम केलात की तिसऱ्या गोलच्या वेळी तो मुलगा उडी मारता मारता थांबणार, किंवा मार्क घेऊन, मोकळा शॉट सोडून, गांगरलेल्या मित्राच्या हातात बॉल कोंबणार. मुलांना अशा वेळी सगळं कळतं. दयेनं मिळालेला गोल कुणाला आवडत नाही, आणि चौदाव्या वर्षी तर मुळीच नाही. शिवाय त्यातून मुलं चुकीची गोष्ट शिकतात: मोकळा कोण आहे हे बघायच्या ऐवजी कुणाचा कोटा शिल्लक आहे हे बघायला लागतात. बंधनं घालायची तर ती ट्रेनिंगला घाला. मॅचला मोकळीक ठेवा.

ट्रेनिंगला काय करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण खरं काम तिथंच आहे. माझी मुलं याच खेळात वाढली आणि ज्युनियर टीमच्या बाउंड्रीवर मी बरीच वर्षं उभी राहिले, पालक म्हणून, टीम मॅनेजर म्हणून, नंतर कोच म्हणून. तेवढ्या अनुभवावर हे बोलते आहे.

५० मीटरच्या रेषेच्या आत सहा फॉरवर्ड आणि सहा बचावपटू उभे करा, आणि त्यातले दोन बचावपटू मुद्दाम तुमच्या उंच मुलावर लावा. अगदी सेमी फायनलसारखे. मग मधून एका मुलाला बॉल घेऊन पळत यायला सांगा. किक मारायच्या आधी त्यानं ज्याला बॉल देणार त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. एवढी एकच अट घातली तरी मान वर होते, कारण बघितल्याशिवाय नाव घेता येत नाही. उंच मुलाकडे मारलेली किक तो एकास एक असेल तरच मोजायची. दोघं त्याच्यावर असताना मारली तर बॉल परत मध्ये. पहिले काही प्रयत्न फसतील. मुलं वैतागतील. फसू द्या. कुणीतरी ओरडेल, "अरे, मी मोकळा आहे!" आणि तो मोकळा आहे हे त्या क्षणी सगळ्यांना दिसेल.

त्यानंतर त्या उंच मुलाला धावायला शिकवा. बॉल येणार असं दिसलं की त्यानं गोलच्या तोंडापासून बाजूच्या पॉकेटकडे, म्हणजे कोपऱ्याकडे, जोरात लीड घ्यायचा, म्हणजे बॉल मागत धावत सुटायचं, खरंच बॉल हवा असल्यासारखं. दोन्ही बचावपटू त्याच्यामागे जातील आणि गोलसमोरचा पट्टा रिकामा होईल. त्या पट्ट्यात हाफ फॉरवर्डनं यायचं. ते दोघं त्याच्यामागे गेलेच नाहीत, तर तोच मोकळा, मग बॉल त्याला. अशा धावेला स्कोअरबोर्डवर काही मिळत नाही, म्हणून तुम्ही तिचं कौतुक मोठ्यानं, नाव घेऊन करा. त्याच्या बाबांच्या कानावर पडेल असं करा.

तिसरी गोष्ट लहान चणीच्या मुलांसाठी. कधीतरी लांब किक मारावी लागतेच, आणि दोन बचावपटू बॉल हातानं ठोसून पाडतात. तो बहुतेक वेळा गर्दीच्या पुढच्या बाजूला, चार-पाच पावलांवर पडतो. तिथं, उडी मारणाऱ्यांच्या समोर आणि सरळ रेषेत, तुमचा एक चपळ मुलगा उभा असायला हवा. गर्दीत न घुसता, वर न बघत राहता, बॉल पडण्याच्या जागी वेगात यायचं. या एका सवयीतून वर्षभरात जितके गोल होतात तितके दुसऱ्या कशातूनही होत नाहीत, असं मी बघत आले आहे. तुमचा उंच मुलगा इथंही उपयोगी पडतोच: त्यानं मार्क घेतला नाही तरी चालेल, समोरच्यालाही घेऊ द्यायचा नाही, बॉल खाली पाडायचा. त्याच्या अंगावर दोघं असणं ही मग तुमची अडचण राहत नाही. जमिनीवरच्या तुमच्या मुलांसमोर तेवढा एक बचावपटू कमी होतो.

आणि शॉट. गोल सगळ्यांनी करावेत असं वाटत असेल तर गोलवर मारायची सवय सगळ्यांना हवी. ज्या मुलाला महिन्यातून एखादा शॉट मिळतो त्याचे पाय तिथं थरथरतात, मग तो चुकतो, आणि पुढच्या वेळी बॉल घाबरून उंच मुलाकडेच देतो. प्रत्येक ट्रेनिंगला प्रत्येक मुलाचे सहा-आठ शॉट तरी व्हावेत. एका रांगेत सोळा मुलं उभी करू नका, त्यात अर्धा वेळ वाट बघण्यात जातो. दोन्ही टोकांचे खांब वापरा, जोड्या करा. वीस-पंचवीस मीटरवरून, थोड्या कोनातून. पावलं दर वेळी तेवढीच, बॉल धरण्याची पद्धत तीच. निम्मे शॉट धावून दमल्यावर मारायला लावा.

मॅचच्या दिवशी एक वही ठेवा. ती तुम्ही लिहू नका, तुमचं लक्ष मैदानावर हवं. ज्या पालकाचं मूल बचावात खेळतं अशा कुणाला तरी द्या. गोल कुणाचा हे स्कोअरशीटवर येतंच. वहीत दुसरंच लिहायचं: बॉल ५० मीटरच्या आत किती वेळा गेला, कुणी मारला, कुणाकडे मारला, आणि प्रत्येक गोलच्या आधीचे दोन हात कुणाचे. एएफएलमध्येही गोल करणाऱ्याबरोबर त्याला बॉल देणाऱ्याची नोंद ठेवतातच. तीन-चार मॅचनंतर ती वही पालकांसमोर ठेवा. ज्या मुलाचा एकही गोल नाही त्याचं नाव तिथं नऊ ठिकाणी दिसलं, तर त्या घरातलं रविवार संध्याकाळचं बोलणं बदलतं. एएफएलमध्ये एखाद्याचा पहिला गोल झाला की अख्खी टीम धावत त्याच्याकडे जाते, तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. तुमच्याकडे सीझनमधल्या प्रत्येकाच्या पहिल्या गोलला तसं करा. आणि गोल करणाऱ्यानं बॉल देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, ही मोठ्यांची सवय मुलं दोन दिवसांत उचलतात.

त्या मुलाच्या बाबांशी बोलणं तुम्हाला अवघड वाटतंय, ते साहजिक आहे. त्यांची काळजीही खोटी नाही. मी असते तर सीझन सुरू व्हायच्या आधी मुलाला आणि त्यांना एकत्र बसवून बोलले असते, टीम जाहीर झाल्यावर नाही. त्यांना सांगा की चारपैकी दोन क्वार्टर तो फुल फॉरवर्डला असेल, एक रकला, एक दुसरीकडे, आणि हे कागदावर लिहून द्या. मग पुढचं सांगा. आज तो बाकीच्यांच्या डोक्यावरून बॉल झेलतो, कारण तो लवकर वाढला आहे. दोन वर्षांत बाकीची मुलं वाढतील. तेव्हा त्याच्याकडे लीड घेण्याची पद्धत, खाली पडलेला बॉल उचलण्याची चपळाई, हरवलेला बॉल परत मिळवायला धावण्याची सवय नसेल, तर उंची एकटी पुरणार नाही. लवकर वाढलेल्या मुलांचं सोळाव्या वर्षी असं होताना मी पुष्कळदा बघितलं आहे, आणि ते बघवत नाही; त्या मुलांची चूक नसते, त्यांना दुसरं काही कुणी शिकवलेलंच नसतं. मोठ्यांचा खेळही बदलला आहे. २००८ मध्ये लान्स फ्रँकलिननं सीझनची शंभरी गाठली, त्यानंतर एएफएलमध्ये कुणाला ती जमलेली नाही. २०२१ चं कोलमन मेडल, म्हणजे मुख्य सीझनमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याचं पदक, ५८ गोलांवर मिळालं. बचाव करणाऱ्या टीम आता माणसं मागे ओढून जागा अडवतात, त्यामुळे उंच फॉरवर्डला रकही करावं लागतं, टॅकलही करावं लागतं, दुसऱ्यासाठी जागाही करून द्यावी लागते. निवड करणारे काय बघतील याची हमी तुम्ही देऊ नका, ती कुणालाच देता येत नाही. पण दोन-तीन जागी खेळू शकणाऱ्या मुलाला संघात बसवणं कुठल्याही कोचला सोपं जातं, एवढं तुम्ही मनापासून सांगू शकता.

त्या मुलालाही विचारा. सेमी फायनलनंतर त्याला घरी जाताना कसं वाटलं होतं, हे कुणी विचारलं होतं का? सगळी टीम आपल्याकडे बघते आहे आणि आपल्या अंगावर दोघं आहेत, हे तेरा वर्षांच्या पोरासाठी फार मोठं ओझं आहे. ते थोडं उतरलं तर त्यालाच बरं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

तुमच्या मुलाचा भाग सगळ्यात नाजूक, आणि तिथं मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. गोल त्याला हवाय, की तुम्हाला? पत्रात तो काय म्हणतो हे कुठं आलेलं नाही. हाफ फॉरवर्डचं काम मध्ये धावून बॉल मिळवणं आणि आत देणं हेही असतं; कदाचित तो ते चांगलं करत असेल आणि खूश असेल. आधी त्याच्याशी बोला, गाडीत, सहज, कोच म्हणून नव्हे. आणि लोक काय म्हणतील यावर एकच उपाय मला माहीत आहे: त्याच्याबाबतचे निर्णय तुम्ही घेऊ नका. कोण कुठल्या क्वार्टरला कुठं, याचा तक्ता असिस्टंट कोच किंवा टीम मॅनेजरबरोबर चार मॅचचा एकदम करा, आणि त्यातली तुमच्या मुलाची जागा त्यांना ठरवू द्या. तक्ता सगळ्या पालकांना आधी पाठवा. मग एखाद्या रविवारी त्याचे दोन गोल झाले तरी तुम्हाला कुणापुढे सफाई द्यायची वेळ येणार नाही.

सुरुवातीला एक-दोन मॅच हराल, याची कल्पना मात्र पालकांना आत्ताच द्या. मुलं नवीन काही शिकतात तेव्हा जुनं जमेनासं होतं आणि नवं अजून हाताला आलेलं नसतं. निदान पाच मॅच हीच पद्धत ठेवायची असं सुरुवातीलाच जाहीर करा, म्हणजे तिसऱ्या रविवारी कुणी येऊन "बघा, सांगितलं होतं ना" म्हणालं तर तुम्हाला डगमगायला होणार नाही.

तुमची खरी कसोटी बहुतेक एखाद्या शेवटच्या क्वार्टरला येईल. आठ पॉइंटांनी मागे, तीन मिनिटं उरलेली, उंच मुलगा पुढे, आणि बाउंड्रीवरून सगळे ओरडताहेत, त्याच्याकडे मारा! तेव्हा तुम्ही काहीच ओरडू नका. ज्याच्या हातात बॉल आहे त्याला बघू द्या. उंच मुलगा एकास एक असेल तर त्यानं त्यालाच द्यावा, तो त्याचा हक्काचा बॉल आहे, आणि मग त्या दिवसाचा तो पाचवा गोल असला तरी हरकत नाही. त्याच्यावर दोघं असतील तर दुसरा कुणीतरी हात वर करून धावत असेल. त्याचं नाव तुमच्या मिडफिल्डच्या मुलाच्या तोंडून निघालं, की मग शॉट चुकून बिहाइंड गेला तरी मॅच संपल्यावर त्या किकबद्दल दोघांची पाठ थोपटा, आणि सोमवारी मला वहीतला हिशोब कळवा.